घासलेला सूर्य

मला मुळात धीर नाही. शाळेचे पेपर तपासतानाही मी चार वेळा उठते. त्या आठवड्यात तर घरभर नुसत्या येरझारा चालल्या होत्या. रविवारी इंदूरहून एक नाणेसंग्राहक आमच्याकडे बऱ्हाणपूरला येणार होते. माझ्याकडचं चांदीचं रोमन नाणं, किरणांचा मुकुट घातलेला सूर्यदेव, पसंत पडलं तर बदल्यात ते सूर्याच्या चार घोड्यांच्या रथाचं नाणं देणार होते. अट एकच: वरचा जुना काळा थर शाबूत हवा. नाण्याचं वय त्या काळेपणातच दिसतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी मी रथासाठी नवी डबीसुद्धा आणून ठेवली होती. सूर्याची डबी दिवसातून दहादा उघडून बघायची आणि घरात कुणाला बोट लावू द्यायची नाही.

शुक्रवारी रथसप्तमी होती. शाहपूरच्या शाळेतून घरी आले तर डबी रिकामी. देवघरात ताम्हनात माझं नाणं, लख्ख पांढरं, वर कुंकू. सासूबाईंनी पूजेच्या भांड्यांबरोबर तेही चिंच आणि रांगोळीने घासून काढलं होतं.

माझा पाराच चढला. "कुणी सांगितलं होतं हात लावायला? दोन हजार वर्षांचं वाटोळं केलंत!"

"सूर्यनारायणच हाय ना गं तो? आजच्या दिवशी काळाठिक्कर कसा पुजू?" मग हळूच म्हणाल्या, "या मोतीबिंदूनं मला तर काळा ठिपकाच दिसायचा. घासला, तेव्हा कुठं नाक दिसलं."

सहा महिने त्या 'दाखव ना जरा' म्हणत होत्या आणि मी 'नंतर' म्हणत होते. लाज वाटली, पण राग काही गेला नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

रविवारी पाहुण्यांनी भिंग लावलं आणि नाणं लगेच खाली ठेवलं.

"ताई, हे तर पूरं धुऊन टाकलं. आता बदली नाही जमणार. कोणी केलं असं?"

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

मी अजून आतून धुमसतच होते.

"मीच," म्हटलं. "वाटलं, स्वच्छ केलं तर छान दिसेल."

इतकी वर्षं नाणी जमवणाऱ्या माझ्याकडे पाहुण्यांनी नवशिक्या पोरीकडे बघावं तसं बघितलं. मी बघू दिलं.