पाठीतलं लोखंड

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. माझा कणा इंग्रजी एस अक्षरासारखा वळला होता. "याला स्कोलिओसिस म्हणतात. कणा बाजूला वाकतो."

माझे थोरले चुलते आबा तालमीचे वस्ताद. ते म्हणाले, "आळसानं वाकडी बसतीया ओ पोरगी."

"आळस नाही, वस्ताद. हिला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी आहे." मग डॉक्टरांनी समजावलं. मणक्यातून स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. स्नायू वाळतात, पाय जातात. कण्याला धरायला कोणी उरत नाही, म्हणून तो कलतो. "हिला पुण्याला दाखवा. उशीर करू नका."

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. चालणं आधीच सुटलेलं.

आम्ही उशीर केला. खरं तर आबांनी करवला. वडील शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला. थोरल्या भावापुढं त्यांचा आवाज कधी निघाला नाही. तालमीत बाईमाणसाला जायची बंदी, म्हणून आबा तालमीची लाल माती घमेल्यातून घरी आणायचे. ताक, तेल, हळद मुरवलेली माती. मला घराच्या पुढच्या सोप्यात पालथी निजवून ती पाठीवर थापायची, आणि पैलवानाचा उतरलेला खांदा बसवावा तसे माझे खांदे मागं ओढायचे. मी ओरडले की म्हणायचे, "पैलवानाच्या घरातली न्हवं तू?" सगळी आळी कौतुकानं बघायची. दोन वर्षं हे चाललं. कणा वाकतच राहिला.

मग न्यूमोनिया झाला. पुण्याच्या सर्जननी फुफ्फुसांची चाचणी केली. नळीत जोरात फुंकायचं, हवा किती निघते ते मशीन दाखवतं. माझी फार कमी निघाली. "बरगड्या एका बाजूचं फुफ्फुस दाबतायत. पाठीत सळया घालायचं ऑपरेशन करावं लागेल. दोन वर्षांपूर्वी आला असता तर त्याचा धोका कमी होता. आणखी थांबलात तर भूल देणारे डॉक्टरच नको म्हणतील."

हे वाक्य मी विसरले नाही. विसरणारही नाही.

आबा वेटिंग रूममध्ये म्हणाले, "जी पोरगी चालायची न्हाय, तिच्या पाठीत लोखंड कशाला?"

आई त्यांच्यापुढं कधी पदर ढळू न देणारी. ती म्हणाली, "आबा, चालायला न्हाय, बसायला पायजे. बसली तर शिकंल. आनि उद्यापास्नं माती आणू नगा."

ऑपरेशनचं नाव स्पायनल फ्यूजन. कण्याला दोन्हीकडून धातूच्या सळया तारांनी बांधतात, थेट कमरेच्या हाडापर्यंत. मध्ये हाडाचे तुकडे भरतात, म्हणजे मणके एकमेकांना जुळून येतात. शुद्धीवर आले तेव्हा घशात व्हेंटिलेटरची नळी होती. ती निघेपर्यंत आईनं माझा हात सोडला नाही.

तुमच्या घरात असं मूल असेल तर एक ऐका. यानं मूळ आजार बरा होत नाही. कमरेत वाकता येत नाही, त्यामुळं तोंड ताटापर्यंत जात नाही. आमच्याकडं ताट उलट्या पातेल्यावर ठेवायला लागले. पण मी बसले. पुरता श्वास घेतला. बसूनच कॉमर्स कॉलेज केलं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, हे मी सगळ्यांना सांगत असते.

तालमीनं आपल्या दारात माझा सत्कार ठेवला. आबा स्वतः मला फेटा बांधत माइकवर बोलायला लागले. "ही पाठ कुणी सरळ केली? ह्या मातीनं."

पुढंच राधानगरीकडचं एक जोडपं बसलेलं. बाईच्या मांडीवर वाकलेल्या पाठीची पोर. आबा त्यांना म्हणाले, "पावणं, उद्यापास्नं हिला माझ्या घरी आणा."

माझ्या व्हीलचेअरच्या मागच्या पिशवीत एक्स-रे कायम असतो, कुठलाही डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतो. मी आईला तो ट्यूबलाइटपुढं धरायला सांगितला. दोन सळया शेवटच्या रांगेपर्यंत दिसल्या.

मी माइक मागून घेतला. "आबा, यात तुमची माती कुठं हाय, तेवढं दाखवा की."

मग मागून एक पैलवान म्हणाला, "वस्ताद, दावा की आता." आणि सगळी तालीम हसली.

आबा निम्मा फेटा सोडून आत गेले. उरलेला आईनं गुंडाळला, तिला जमला तसा. त्या बाईला मी सर्जनचा पत्ता लिहून दिला. पोरीला घेऊन ती पुण्याला गेली, हे नंतर कळलं.

लोक म्हणतात, म्हाताऱ्या माणसाचा चारचौघांत अपमान केलास. केला. माझी दोन वर्षं त्यांनी चारचौघांतच मातीत घातली होती. आभार मानायचे ते सर्जनचे आणि आईचे. आबांवरचा राग मी ठेवलाय, आणि तो घेऊन त्यांच्या दारासमोरून रोज जाते, ताठ बसून.