काळूचं रक्त गोठेना

निरोगी कुत्र्याच्या पायातून सुई काढून कापसाचा बोळा दाबला, की रक्ताचा ठिपका पाहता पाहता थिजतो. त्या वेळी बोटांखाली जाणवणारी ती उबदार, किंचित थरथरती लव मला अजून आठवते. देहाने आपली जखम आपणच मिटवावी आणि त्याचा गाजावाजाही करू नये, केवढं हे शहाणपण!

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. भातकापणी उरकली होती, खोडाळ्याच्या आसपासच्या पाड्यांवर नागलीची कणसं अंगणात वाळत होती आणि मी, नवखी पशुवैद्य, तळहातावर मावणारं एक यंत्र घेऊन धडधाकट कुत्री शोधत हिंडत होते. पट्टीवर थेंब सोडला की रक्त गोठायला लागणारा वेळ ते यंत्र तिथल्या तिथे सांगे. फुरसं हा विषारी साप चावलेल्या कुत्र्याचं रक्त गोठत नाही. पण तो बिघाड ओळखायचा, तर आधी निरोगीपणाचं माप नको का ठाऊक असायला?

सोमा आपल्या काळूला मोठ्या अभिमानाने पुढे घेऊन आला. "बाई, याच्यासारखा ठणठणीत कुत्रा पाड्यात नाय," तो म्हणाला आणि कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या शेजारणीकडे, जानकीकडे, बोट दाखवून त्याने आवाज चढवला, "आधीचा लाल्या हिनं मारला. हिच्या कोंबड्या धरायचा म्हणून इख घातलं. नाकातून रगत येऊन मेला बिचारा." जानकी कोंबड्यांना दाणे टाकत राहिली. लाल्या मेल्यापासून तिच्या दारी कुणी जात नव्हतं, हे मला पाड्यात शिरतानाच कुणीतरी सांगितलं होतं. आणि खरं सांगते, सांगणाऱ्याच्या सुरातली खात्री ऐकून मलाही ते पटलं होतं.

काळूचा थेंब पट्टीवर पडला. यंत्रावरचे आकडे चढत राहिले, चढतच राहिले. मी दुसऱ्या पट्टीवर पुन्हा थेंब घेतला, तेच. कुत्रा शेपूट हलवत होता, डोळे तजेलदार होते, आणि कापसाचा बोळा मात्र लाल होत चालला होता.

"घरात उंदरांचं औषध ठेवलंय का?" मी अंगणात जमलेल्या सगळ्यांदेखत विचारून बसले.

"ठेवलाय ना," सोमाची बायको सहज म्हणाली, "कणगीखाली. दर साली ठेवतो. काळू तिथंच झोपतो. लाल्या पण तिथंच..."

ती मध्येच थांबली. त्या औषधाने रक्त गोठण्याची शक्ती हळूहळू नाहीशी होते, जनावर काही दिवस वरून धडधाकट दिसतं आणि मग आतल्या आत वाहू लागतं, हे मी सांगू लागले; पण ऐकत कोण होतं? सोमाच्या चेहऱ्याचा रंग पार उतरला होता. एखाद्या माणसाची लाज इतक्या उजेडात, इतक्या जवळून पाहू नये! हा प्रश्न मी त्याला बाजूला नेऊन विचारायला हवा होता.

उतारा माझ्या पिशवीत नव्हता. सोमा मी लिहून दिलेली औषधाची चिठ्ठी घेऊन मोखाड्याच्या जीपकडे धावला. घरात त्याची बायको रडत होती. काळूचा पाय दाबून धरून माझा हात अवघडला, तेव्हा कुंपणाची काटेरी फांदी सरकली. "सोडा बाई, मी धरते," जानकी म्हणाली आणि मांडी घालून बसली. सोमा परतला तेव्हा त्याचा कुत्रा तिच्या मांडीवर डोकं टेकून निजला होता.

"वहिनी..." औषधाची पिशवी हातात धरून तो बोलू लागला.

"आधी बाईंना सुई देऊ दे त्याला," ती म्हणाली.

काळू वाचला. औषध पुरतं लागू पडेपर्यंत मी पाड्यावर फेऱ्या मारत होते, आणि अशाच एका फेरीत सोमाने सगळ्यांना अंगणात बोलावलं. मान खाली घालून, पण ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "लाल्या माझ्याच औषधानं मेला. मी वहिनीवर खोटा आळ घेतला."

जानकीने त्याच्याकडे पाहिलं. मग सावकाश बाकीच्यांकडे, एकेकाच्या तोंडाकडे.

"सोमाचा कुत्रा मेलेला, तो रागात बोलला," ती म्हणाली. "तुमचं काय मेलेलं? माझ्या पोरीच्या लग्नाला तुम्ही कोणच नाय आलात."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर आम्हांला सोसवला असता. एका माणसाची चूक एका वाक्यात कबूल होते; पण साऱ्यांनी मिळून, न बोलता, केवळ न जाऊन केलेला अन्याय कुणी आणि कोणत्या शब्दांत कबूल करावा? ज्या मांडवात कुणी आलं नाही, त्यात आता कुणाला पाठवायचं? मीही त्या माणसांतच उभी होते, आणि जानकीची नजर फिरत फिरत माझ्यापर्यंत आली तेव्हा माझेही डोळे जमिनीकडे गेले.