बिनकेमिकलची डबी

मुलगी दीड वर्षाची होईपर्यंत तिच्या लोशनच्या बाटलीवरची बारीक अक्षरं मला पाठ झाली होती. पॅराबेन, फिनॉक्सिइथेनॉल, आणि एक तर इतकं लांब नाव की वाचताना मध्येच श्वास घ्यावा लागायचा. ऑफिसातून यायचं, मुलीला मांडीवर घ्यायचं आणि मोबाइलवर एकेक नाव शोधत बसायचं. एक जण म्हणायचा चालतं, दुसरा म्हणायचा विष आहे. तिसऱ्या व्हिडिओला माझे डोळे मिटायला लागायचे. दमले होते मी. कुणीतरी 'हे लाव' एवढंच सांगावं आणि विषय संपवावा, असं वाटायचं.

तसं सांगणारी बाई आमच्या बेसा भागातल्याच एका महिला मेळाव्यात भेटली. घरी बनवलेलं क्रीम, त्यात कोरफड, गुलाबपाणी, प्रिझर्व्हेटिव्ह अजिबात नाही. डबीवर फक्त लिहिलं होतं, 'थंड जागी ठेवा'. मे महिन्यात नागपूरकराला थंड जागा एकच माहीत, कूलरसमोरची. तिथेच ठेवली. फ्रीज डोक्यातसुद्धा आला नाही.

वर मोठ्या तोऱ्यात खालच्या मजल्यावरच्या शेजारणीलाही एक डबी आणून दिली. ती उमरेडकडची, माझ्याहून बरीच लहान, आणि तिचा मुलगा जेमतेम वर्षाचा. डबी हातात घेऊन म्हणाली, "मले तं यातलं काही समजत नाही, ताई. तुम्ही एवढं वाचता. तुम्ही जे लावान, तेच मी लावीन."

खोटं कशाला बोलू, त्या वाक्यावर मी आठवडाभर खूश होते.

पंधरा दिवसांनी मुलीच्या गालांवर लाल पुटकुळ्या उठल्या. दोन दिवसांत त्यांत पू झाला. डॉक्टरांनी तिला जे जे लावतो ते सगळं घेऊन यायला सांगितलं. क्रीमची डबी उघडून त्यांनी आधी वास घेतला, मग झाकण उलटं करून माझ्यापुढे धरलं. आतल्या कडेला करडी बुरशी होती. मी ते झाकण रोज उघडत होते आणि एकदाही आतून पाहिलं नव्हतं.

"फ्रीजमध्ये ठेवत होता?"

"कूलरसमोर."

"कूलरची हवा दमट असते. यात पाणी आहे, आणि पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणूनच प्रिझर्व्हेटिव्ह घालतात. एखाद्या बाळाला ते सोसत नाहीत, तेव्हा आपण बदलून देतो. पण ठरलेल्या प्रमाणात असले तर बहुतेकांना काही होत नाही. हे याच्यामुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण आजपासून हे बंद."

मुलीला खांद्यावर घेऊन परत आले. स्वतःचा इतका राग आला होता की रडूही येईना. वाटलं, घरी जावं, पंखा लावावा आणि आडवं व्हावं. पण लिफ्टमध्ये आधी खालच्या मजल्याचं बटण दाबलं. कसं सांगायचं ते मनात जुळवत मी बेल वाजवली.

शेजारणीनं दार उघडलं. मुलगा तिच्या कडेवर होता आणि त्याच्या दोन्ही गालांवर क्रीमचा जाड पांढरा थर होता.

"बरं झालं आल्या, ताई," ती म्हणाली. "परवापासून याच्या गालावर काहीतरी लाल लाल उठून राहिलं. म्हणून मी तुमचं क्रीम आता दिवसातून तीनदा लावून राहिली."