हयात असलेल्यांची यादी

श्रुतिका कोडिंगच्या क्लासला जायला लागली तेव्हा अंधेरीच्या मासळीबाजारात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणे, पोरीला मावऱ्याचा वास सोसत नाही. कोणी म्हणे, क्लासात कोणीतरी आवडलाय. आवडलं होतं ते एवढंच: लांबलचक यादीला एक अट सांगायची, की यंत्र एकेका नोंदीला तोच प्रश्न विचारत जातं. उत्तर ‘हो’ आलं तर नव्या यादीत, ‘नाही’ आलं तर गळाली. तिची आई जया रोज हेच करायची. सुरमईचे कल्ले उचलायचे, लाल ती इकडे, फिकी ती तिकडे.

नोकरी लागली, आणि दैव बघा, तिसऱ्याच महिन्यात हातात काम आलं ते याच बाजाराचं. तो पाडून नवा बांधायचा होता. गाळे कोणाला, ती यादी तिच्या कंपनीने काढायची. तिचे वरिष्ठ सुबोधसाहेब म्हणाले, परवानाधारक हयात हवा. पालिकेच्या नोंदींत ‘हयात’ असा रकाना होताच. तिने एका ओळीत अट लिहिली. एकशे चाळीस कोळणींतून एकोणतीस उरल्या. यंत्राने एकही चूक दाखवली नाही. साहेबांनी झकास म्हणत यादी त्याच दिवशी पालिकेकडे धाडली.

आता मेख अशी, की या बाजारात सासूची जागा सुनेला मिळते, पण परवान्यावरचं सासूचं नाव कोणी काढत नाही. काढलं तर म्हातारीचा हात जागेवरून उठतो म्हणे. जया एकोणीस वर्षं बसत होती ती वारलेल्या सासूच्या, शेवंतीच्या नावावर. दर नारळी पुनवेला त्या परवान्याला हळदकुंकू लावायची ती श्रुतिकाच. अट लिहिताना तिला तो आठवला नाही.

यादी भिंतीवर लागली. शेवंतीचं नाव तीत नव्हतं. जयाने घरी येऊन एकदाच विचारलं, “तुजं यंत्र एकेकीला इचारतं म्हनालीस ना? मना कवा इचारलं गो?”

सकाळी श्रुतिकाने अट बदलली: हयात, किंवा तिच्या जागेवर बसणारी सून. एकशे तेहेतीस नावं आली. सुबोधने मान वर केली नाही. “जुनी मंजूर झाली यार. ही कोण वाचणार?”

जया आता फुटपाथवर बसते. पालिकेची गाडी दिसली की टोपली उचलून पळते. क्लासात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, अट लावल्याने मूळ यादीला धक्का लागत नाही. खरंच आहे. श्रुतिकाच्या लॅपटॉपवर एकशे चाळीस जणी ओळीने तशाच बसल्या आहेत. नव्वदावी शेवंती.