बारा जणींचे पाय

"बारा जणी हव्यात परेरा जी, आणि जरा बऱ्या पायांच्या बघा. फोटो क्लोज-अप घ्यायचेत."

आमच्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, सामाजिक न्याय समितीच्या मीटिंगमध्ये हे वाक्य बोललं गेलं आणि एकालाही हसू आलं नाही. बोलणाऱ्या मिसेस लोबो, समितीच्या कन्व्हीनर. मूळच्या मंगळूरच्या. त्यांचं बहुतेक बोलणं इंग्लिशमध्ये, इथे मी ते मराठीत उतरवतोय. भाव तोच आहे, काळजी नसावी.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी संध्याकाळी, चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. नोकराचं काम गुरूने केलं, एवढा साधा अर्थ. दरवर्षी पॅरिशमधलेच कुणीकुणी पुरुष बसतात. त्या वर्षी समितीने ठरवलं, घरकाम करणाऱ्या बायकांचे पाय धुवायचे. डिग्निटी ऑफ लेबर! बिशप यायचे होते, बॅनर छापायला गेला होता. फक्त बायका आणायच्या राहिल्या होत्या.

ते काम माझ्या गळ्यात आलं. मी वसईचा, पण हाडं दिल्लीत मुरली. केंद्र सरकारच्या लेबर खात्यात कन्सिलिएशन ऑफिसर होतो. म्हणजे कामगार आणि मालक यांचं वाजलं की दोघांना एका टेबलावर बसवायचं आणि तोडगा काढायचा. निघाला तर सेटलमेंट, नाही निघाला तर वर फेल्युअर रिपोर्ट. रिटायर झाल्यावर समितीने मला उचललं. "तुम्हाला लेबरचा एक्स्पीरियन्स आहे ना!" म्हणजे लेबर गोळा करून आणा.

आमच्या चर्चमध्ये रविवारी दोन मिस्सा होतात, म्हणजे दोन उपासना. सकाळची इंग्लिश, तिला पार्किंग पुरत नाही. दुपारी चारची हिंदी, तिला झारखंडच्या बायका येतात. सकाळवाल्यांकडे राहून स्वयंपाक, भांडी, पोरं सांभाळणाऱ्या त्याच या. इथे त्यांना 'चौबीस घंटे वाली' म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. समिती सगळी सकाळची. दुपारच्या मिस्सेला त्यांच्यातलं कुणी कधी फिरकलेलं मी पाहिलं नाही.

मी गेलो. मिस्सा संपल्यावर बायकांना अंगणात थांबवलं आणि निरोप दिला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. पुढे आली ती सलोमी, खुद्द मिसेस लोबोंकडची.

"अंकल, पाँव तो हम घर में भी धो लेते हैं। आप संडे दिलवा दीजिए।"

संडे म्हणजे सुट्टीचा अख्खा रविवार. त्यांना सुट्टी मिळायची ती चर्चपुरती. या, प्रार्थना करा, परत पळा, कारण संध्याकाळचा चहा. बस चुकली की बोलणी. दिल्लीतल्याच मुनिरक्यात या सगळ्यांनी मिळून एक खोली भाड्याने घेतली होती, आणि तिथे घटकाभर पाठ टेकायलाही वेळ मिळायचा नाही.

सलोमीचं दुखणं तर आणखी नेमकं होतं. तिची मुलगी फरीदाबादला सिस्टर लोकांच्या, म्हणजे नन्सच्या, हॉस्टेलवर. ईस्टरनंतरच्या रविवारी तिचं फर्स्ट कम्युनियन. आमच्यात लहान मुलाचा हा सगळ्यात मोठा दिवस. पांढरा फ्रॉक, डोक्यावर फुलं, पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद, आणि शेजारी आई. सलोमीने सुट्टी मागितली होती. मिसेस लोबो नाही म्हणाल्या. का, तर त्याच दिवशी त्यांच्याकडे लंच होतं. कुणासाठी, तर सामाजिक न्याय समितीसाठी! पाय धुण्याचा कार्यक्रम यशस्वी झाल्याबद्दल.

मला इतका संताप आला की तिथेच काहीतरी बोलून बसलो असतो.

बायकांनी आपसात कुजबूज केली आणि मागणी ठरली. सगळ्यांना रविवार, आणि तो फादरनी वेदीवरून जाहीर करायचा. नाहीतर गुरुवारी पाय मिळणार नाहीत. उभ्या नोकरीत स्ट्राइकच्या नोटिसा ढिगाने पाहिल्या, पायांचा स्ट्राइक हा पहिलाच.

पॅरिश हॉलमध्ये दोन्ही पक्षांना बोलावलं. समितीने बायकांच्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. मी त्या ओढून टेबलाला लावल्या. कन्सिलिएशनचा पहिला नियम, दोघांची उंची सारखी.

"हे ब्लॅकमेल आहे," मिसेस लोबो म्हणाल्या. "पवित्र आठवड्यात!"

"मॅडम, आमच्या खात्यात याला डिमांड म्हणतात."

"आम्ही त्यांना रिस्पेक्ट देतोय आणि या सौदा करतायत?"

फादर गोड माणूस. गोड माणसाचा अशा वेळी काडीचा उपयोग नसतो. "परेरा जी, थोडा अ‍ॅडजस्ट," एवढंच त्यांनी चार वेळा सांगितलं. कुणाला, ते काही कळलं नाही.

मग समितीने ऑफर काढली. प्रत्येकीला एक साडी आणि ईस्टरचा केक.

"मैडम, केक तो मैं ही बना रही हूँ," सलोमी म्हणाली.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मिसेस लोबोंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "संडेलाच तर आमची फॅमिली घरी असते!" असं म्हणून त्या उठल्या. पाठोपाठ समितीही उठली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! वाटाघाटी फिसकटल्या.

गुरुवारी बारा खुर्च्या रिकाम्या राहू नयेत म्हणून समितीच बसली. घरकामवाल्या बायकांच्या प्रतिनिधी म्हणून! वर बॅनर होता तोच. आदल्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन आलेले पाय बिशपांनी धुतले, पुसले. फोटो क्लोज-अप आले. मी मागच्या बाकावर बसलो होतो, शेजारी बायको. "दात खाऊ नकोस, ऐकू येतंय," ती म्हणाली.

ईस्टरला सलोमी मला चर्चच्या गेटपाशी भेटली. "अंकल, चली जाऊँ फरीदाबाद?"

मी खरं ते सांगितलं. "नौकरी जाएगी।"

"नौकरी फिर मिलेगी। बेटी तो एक ही बार पूछेगी ना, मम्मी क्यों नहीं आई।"

पुढच्या रविवारी ती गेली. बसमध्ये असतानाच फोन आला, परत येऊ नकोस म्हणून. लेकीला यातलं काही कळू न देता तिने दिवसभर फोटो काढले आणि संध्याकाळी मुनिरक्याच्या खोलीवर जाऊन पडली. इकडे लंच बाहेरून मागवावं लागलं. समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला: 'अर्जंट. फुल टाइम मेड हवी. ख्रिश्चन असल्यास उत्तम. संडे ऑफ मागणारी नको.' खाली सहा जणांनी हात जोडले.

आणि मग गंमत झाली. त्या जागेवर कुणी जाईना. हिंदी मिस्सेतली एकही बाई नाही. एजंटने दुसऱ्या मोहल्ल्यातून आणलेली मुलगी रविवारी चर्चला आली, बायकांशी बोलली आणि सोमवारी काम सोडून गेली. कुणी सभा घेतली नव्हती, की मला विचारलं नव्हतं.

शेवटी मिसेस लोबोंचा फोन. "परेरा जी, सलोमीला सांगा ना यायला. घराची पार वाट लागलीय."

"संडे?"

"ठीक है. सकाळची भांडी करून जाईल."

"पूरा संडे, मॅडम."

"अच्छा बाबा, पूरा!"

सेटलमेंट झाली. सलोमीचं बघून बाकीच्यांनीही मागितला. काहींना मिळाला, काहींच्या मॅडम अजून विचार करतायत. पॅरिशच्या मासिकात बातमी आली, 'सामाजिक न्याय समितीच्या अथक प्रयत्नांना यश.' सोबत फोटो मिसेस लोबोंचा. निर्लज्जपणालाही काही सीमा!

आमच्याकडेही बाई आहे, पार्टटाइम. रविवारी ती येत नाही, भांडी मी घासतो. यात माझं पुण्य काही नाही, बायकोचा हुकूम आहे. पण त्या भांड्यांनी मला नोकरीने शिकवलं नाही ते शिकवलं. मान द्यायला माणसं धावत येतात, कारण मान दिल्यावर घरी जाऊन खरकटं काढावं लागत नाही. रविवार दिला की काढावं लागतं.

पुढल्या वर्षी समितीला पुन्हा पाय हवे होते. या वेळी पहिलं नाव सलोमीचं, सक्सेस स्टोरी म्हणून. निरोप घेऊन मीच गेलो.

ती मोकळेपणी हसली. "संडे को रखते तो आ जाती, अंकल। गुरुवार को तो मेरी ड्यूटी है।"