सरकी चावणारी अकुशल बाई

"तोंड उघड वं. पाहुनासले दात दखाड."

शेठ हे बोलला तेव्हा मी शिरपूरच्या जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्याच्या, अंगणात कापसाच्या ढिगापाशी उभी होते. समोर तीन व्यापारी. त्यांच्या हातात चहाचे कप. मागं चाळीस बाया, पदरानं नाक-तोंड बांधून, कामावर जायला निघालेल्या. सगळ्या थांबल्या.

मी तोंड उघडलं. हो, उघडलं. वीस-बावीस वर्षांची होते, पोटाला भाकरी लागत होती.

एक व्यापारी पुढं झुकला. त्यानं माझी हनुवटी धरली, डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली. बैलबाजारात गोऱ्ह्याचं तोंड बघतात ना, अगदी तसं.

"चारदाती शे का सहादाती?"

तिघं हसले. शेठ सर्वांत जास्त हसला. त्याच्या कपातला चहा माझ्या पायावर सांडला. चटका बसला, तरी मी पाय हलवला नाही.

माझे दात शेठच्या कामाचे होते, म्हणून हा तमाशा. कापूस विकत घेताना त्यात ओल किती आहे, हे कळावं लागतं. ओला कापूस वजनाला भरतो आणि घेणाऱ्याला बुडवतो. त्यासाठी कापसातली सरकी काढून दाताखाली धरायची. कट्‌कन फुटली तर कापूस कोरडा. मऊ दबली तर ओला. ऐकायला सोपं वाटतं. पण सरकी कधी वरून वाळलेली असते आणि आतून पाणी धरून असते. मधली फूट ओळखायला जीभ लागते, कान लागतो, वर्षं लागतात. आमचा पाडा सातपुड्याच्या पायथ्याशी. पावसाच्या भरवशावरची शेती. घरात कापूस निघाला की आजी माझ्या दाताखाली सरकी द्यायची आणि मी सांगायचे. शेठला ते समजलं आणि त्यानं मला ओढून अंगणात आणलं. मी मान हलवली की गाडी आत. नाही हलवली की गाडी परत. हे झालं की मी पुन्हा जिनाच्या यंत्रावर कापूस टाकायला बसायचे, इतर बायांसारखी, रुईचा भुगा गिळत.

त्याच हंगामात कामगार खात्याचा साहेब आला. साहेब येणार त्या दिवशी ऑफिसातलं देवीचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरायचं. त्याच्यामागं मजुरीच्या सरकारी दरांची पाटी होती. मी चौथीपर्यंत शिकले होते. दारातून वाचली. कुशल, अर्धकुशल, अकुशल. खाली परिमंडळं. शहराचा दर वेगळा, हद्दीबाहेरचा वेगळा. आमचं जिन जकात नाक्याच्या पलीकडं दोनशे पावलांवर. शेठनं मुद्दाम तिथं बांधलेलं. जकातही वाचली, बायाही स्वस्तात मिळाल्या. नाक्याच्या अलीकडं मी महाग झाले असते.

साहेबानं मला विचारलं, "बाई, काम काय करतेस?"

मी म्हणाले, "कापूस टाकते. आणि सरकी चावून ओल सांगते."

शेठ मध्येच बोलला. "चावायला काय कौशल्य लागतं साहेब? बकरीही चावते."

साहेब हसला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगते. पण लिहिलं तेच. मी विचारलं, "साहेब, माझ्या नावापुढं काय लिहिलं?" त्यानं वर न बघता सांगितलं, "अकुशल."

तो शब्द मला त्या व्यापाऱ्याच्या बोटांपेक्षा जास्त लागला. बोटं धुता येतात. हा माझ्या नावापुढं शाईनं बसला होता.

जिनाची यंत्रं दुरुस्त करायला जळगावहून एक फिटर यायचे. सगळे त्यांना नाना म्हणत. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना घडलेलं सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवला.

"जळगावले हाईच काम करनारा मानूस खुर्चीवर बसस. त्याले ग्रेडर म्हनतस."

"त्याला दात किती?"

"कवळी शे," नाना म्हणाले. "तो हातवरच देखस. निम्मा येळ चुकस."

मी हसले नाही. तोच कापूस, तीच ओल. जळगावात पुरुषानं ओळखली तर कुशल, खुर्ची, शहराचा दर. इथं बाईनं ओळखली तर बकरी.

पुढच्या हंगामात सेंधव्याकडून सहा ट्रक आले. भलामोठा सौदा. शेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. मी पहिल्या ट्रकमधल्या कापसात हात घातला आणि कोपरापर्यंत गार लागलं. चावायचीही गरज नव्हती. वरचा थर उन्हात वाळवलेला, आत पाणी मारलेलं.

"चाव," शेठ म्हणाला.

मी हात बाहेर काढला, लुगड्याला पुसला.

"शेठ, मी अकुशल शे. माले काय समजस?"

त्याला आधी गंमत वाटली. मग डोळे लाल झाले. पण व्यापारी समोर उभे, पुन्हा विनवलं असतं तर बाईच्या पाया पडल्यासारखं दिसलं असतं. त्यानं स्वतः सरकी तोंडात टाकली. वरच्या थरातली. चावली. "कोरडा शे," म्हणाला आणि सहाही ट्रक रिकामे करून घेतले.

मी बोलू शकले असते. बोलले नाही. मजा आली. खोटं कशाला सांगू?

आठव्या दिवशी ढिगातून वाफ निघायला लागली. कापूस आतून पिवळा पडला, आंबूस वास सुटला. शेठ ढिगाभोवती फिरत होता, डोक्यावरची टोपी हातात. त्याचा तो चेहरा मी अजून काढून बघते, जेव्हा जेव्हा अंगात बळ कमी पडतं.

पण तो ढीग उपसायला कोणाला लावलं? आम्हालाच. तापलेला कापूस हातांनी उलथायचा. बायांचे तळहात सोलले, खोकून खोकून छाती दुखली. आमच्यातली सर्वांत वयस्कर अक्का माझ्यासमोर हात पसरून उभी राहिली. लालभडक हात.

"जिद तुनी, नि हात आमना बळनात."

तिचं खरं होतं. शेठला जाळायला गेले आणि धग अक्काला लागली. बाकीच्या बायांना न सांगता मी एकटीच गप्प बसले होते, ही माझी चूक.

चार दिवसांनी शेठनं मला ऑफिसात बोलावलं. आवाज मऊ. म्हणाला, हंगामभर वेगळे पैसे हातात देतो, कोणाला सांगू नको, फक्त चाव. कॅलेंडर त्याच्या मागं लटकत होतं. मी ते उचललं, पाटीवर बोट ठेवलं.

"हातमा नको. वहीमा लिखा. कुशल."

"बाई कोठे ग्रेडर ऱ्हास का?"

मी कॅलेंडर त्याच्या टेबलावर ठेवलं, देवीचं तोंड त्याच्याकडं करून, आणि बाहेर आले. त्यानं मला कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही.

मी धुळ्याला कामगार ऑफिसात अर्ज दिला. साहेब तोच. पोच दिली, बस म्हणाला, नंतर ये म्हणाला. मी नंतर गेले. परत गेले. अर्ज अजून तिथंच कुठं तरी दाबून ठेवलेला असेल. मला त्याचं नवल नाही.

पण एक गोष्ट शेठला माहीत नव्हती. संध्याकाळी बाया जिनातून सुटल्या की माझ्या झोपडीवरून जायच्या. येताना पदरात मूठभर सरकी आणायच्या. अक्का सर्वांत आधी आली, सोललेले हात घेऊन. म्हणाली, "शिकाड." मी शिकवलं. कोरडी कशी फुटते, ओली कशी दबते, फसवी कशी वाटते. आणि पाटीवरचे तीन शब्द वाचायला शिकवले. त्या जिनात आता ओल ओळखणाऱ्या एकवीस बाया आहेत. शेठला त्यांतली एकही माहीत नाही.

हंगाम येतोय. ट्रक येतील. शेठ कोणाला तरी पुढं ओढेल आणि म्हणेल, चाव. ओल ओळखूनही एकवीस जणी म्हणतील, आम्ही अकुशल आहोत. आणि सगळ्या बायांनी मिळून ठरवलंय, या वेळी तापलेला ढीग उपसायला त्याला हद्दीत आणि हद्दीबाहेर एकही हात मिळणार नाही. त्यानं तो स्वतःच्या हातांनी उपसावा. मी फाटकासमोर बसून बघणार आहे.