कपाटाच्या पाठीमागच्या चुका

आमच्या शाळेचं ग्रंथालय म्हणजे एक कपाट. सरकारी कागदांवर त्याला ग्रंथालय म्हणतात, म्हणून मीही म्हणते. दोन शिक्षकी शाळा, चौथीपर्यंतचे वर्ग. वेगळी खोली आणणार कुठून? आधी पुस्तकं एका पत्र्याच्या पेटीत होती. पेटी कुरूप होती, तिची कडी निखळली होती आणि मुलं हवं तेव्हा झाकण उघडून हवं ते पुस्तक काढत. म्हणजे चांगलं चाललं होतं.

मग एका मे महिन्यात गावाच्या मुंबई मंडळाने शाळेला कपाट दिलं. आमच्या गावातले निम्मे पुरुष मुंबईत कामाला. मे महिन्यात आणि गणपतीत गाव भरतं, बाकी वर्षभर बायका, म्हातारी माणसं, मुलं आणि आम्ही दोघं शिक्षक. मंडळाचे सेक्रेटरी ह्याच शाळेत शिकलेले. सत्यनारायणाच्या पूजेच्या दिवशी त्यांनी मला कपाटाचं दार उघडून, मिटून दाखवलं. प्लायवूडचं कपाट, वर चकचकीत सनमायका, दोन्ही दारांना काचा, काचांवर लाल अक्षरांत मंडळाचं नाव आणि खाली पदाधिकाऱ्यांची नावं.

"बगा बाई, फिटिंग बगा. झुरळ जायला फट नाय ठेवली."

"पावसात दारं फुगतील," मी म्हटलं. "थोडी फट हवी होती."

"मुंबईत काय पाऊस पडत नाय काय?" ते हसले, आजूबाजूचे चार जणही हसले. प्रसादाचे द्रोण फिरत होते. मी एक द्रोण घेतला. पुस्तकं कपाटात गेली आणि पेटी पोषण आहाराचे तांदूळ ठेवायला गेली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मुख्याध्यापकांनी नियम काढला, की पुस्तक वर्गात वाचायचं आणि शाळा सुटताना कपाटात ठेवायचं. घरी न्यायचं नाही. मोठ्या गुरुजींचा स्वभाव वाईट नाही, पण देणगीची वस्तू समोर आली की त्यांना घाम फुटतो. "उद्या मंडळाने विचारलं, आमची पुस्तकं कुठायत, तर?" पुस्तकं मंडळाची नव्हतीच, आधीपासून शाळेची होती. मंडळाने फक्त कपाट दिलं होतं. हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली.

तिसरीत एक मुलगी होती. हुशार, बडबडी, आणि वाचायच्या नावाने शंख. अक्षरं सगळी यायची, पण ती एकेक सुटी उचलायची आणि शब्द होईपर्यंत पहिलं अक्षर विसरायची. दोन वर्षं मी तिच्यामागे लागले होते. त्या जूनमध्ये तिच्या हाताला एक पुस्तक लागलं, एसटीत चढलेल्या बोकडाची गोष्ट. मालकाच्या मागोमाग बोकड गाडीत चढतो, मालक पुढच्या थांब्यावर उतरतो, बोकड सीटवर बसूनच राहतो. मुलीने पहिल्या पानाला दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली.

"बाई, कंडक्टरनं त्याच्याकडं तिकीट मागितलान!"

"मग?"

"मग पुढचा वाचतंय ना अजून."

मी तिला एका शब्दाने शाबासकी दिली नाही. अशा वेळी मध्ये बोललं की मुलं थांबतात. पाच-सहा पानं तिने त्या आठवड्यात ओढत ओढत काढली, आणि शेवटी शेवटी शब्द अख्खा उचलायला लागली. शनिवारी पुस्तक नियमाप्रमाणे कपाटात गेलं. ती मुद्दाम ते वरच्या खणात, काचेला टेकवून, तोंड बाहेर करून ठेवायची. दुसऱ्या कुणी उचललं तर लगेच कळावं म्हणून.

सोमवारी कपाट उघडेना. कुलूप फिरलं, दारं हलली नाहीत. दोन्ही दारं फुगून एकमेकांत अशी रुतली होती, की मी मूठ धरून ओढलं तर आख्खं कपाट पुढे आलं. काचेतून सगळी पुस्तकं दिसत होती. बोकडही दिसत होता, खिडकीतून मान बाहेर काढलेला.

त्यानंतरचे दोन महिने मी त्या दाराशी घालवले असं म्हटलं तरी चालेल. मेणबत्ती घासली. सुरी घातली, सुरी वाकली. गुरुजींनी शेजारी मोठा बल्ब लावून ठेवायची युक्ती काढली, तर बल्ब लावला की वीज जायची. देवरूखच्या सुताराला फोन केला. तो म्हणाला, आत्ता गणपतीच्या मखरांची कामं आहेत, एवढ्याशासाठी येणं परवडत नाही. ऑक्टोबरात ऊन पडलं की दार आपोआप सुटेल. काच फोडू म्हटलं तर गुरुजी माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी गाभाऱ्यात चपला घालून जाते म्हणाले.

"काचेवर नावं आहेत, बाई! गणपतीत ती माणसं येणार. मी तोंड काय दाखवू?"

शेवटी मी थेट सेक्रेटरींनाच फोन लावला. मागे गाड्यांचा आवाज, त्यात त्यांचा.

"काचेला हात लावू नका हां बाई. पाचव्या दिवशी आमी शाळेत येतोय, पावणे आणतोय, फोटो हाय. तोपर्यंत सांभाळा जरा."

"सांभाळायचंय काय? ते बंदच आहे."

"मग चांगलाच हाय की. कोण हात लावत नाय."

खिचडी करणाऱ्या मावशी हे ऐकत भांडी घासत होत्या. मी फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "ता कपाट नाय हां बाई, देव्हारा हाय. हात जोडा नि व्हा बाजूला."

मध्येच आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला, वाचन उपक्रमाचे फोटो पाठवा. गुरुजींनी मुलांना कपाटासमोर ओळीत बसवलं, हातात भूगोलाची आणि गणिताची पुस्तकं उघडून दिली, आणि फोटो पाठवला. पाठोपाठ अंगठे आले, फुलं आली, 'अभिनंदन' आलं. फोटोत ती मुलगी कॅमेऱ्याकडे पाठ करून कपाटाकडे बघतेय. ग्रुपवरच्या कुणाला ते दिसलं नसावं.

मी बाजारातून तिच्यासाठी दुसरं पुस्तक आणलं. देवरूखच्या एका स्टेशनरीच्या दुकानात मुलांचं म्हणून जे काही होतं त्यात रंगवायच्या वह्या, स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शक आणि एक बोधकथांचं पुस्तक. बोधकथा घेतल्या. तिने अर्धं पान वाचून परत दिलं.

"का गं?"

"ह्याच्यात सगळी शहाणीच हायत."

आणि तिचं वाचन पुन्हा सुटं पडायला लागलं. हे मला रोज ऐकू येत होतं. धड्यातली ओळ वाचताना ती पुन्हा एकेक अक्षर उचलायला लागली, मध्येच थांबून खिडकीबाहेर बघायला लागली. श्रावणात तिची आई शाळेत दाखला कधी मिळेल ते विचारायला आली. नवऱ्याने मुंबईत भाड्याने खोली घेतली होती. "गणपती झाले की आमी जातंव, बाई. दोघांना इकडं-तिकडं किती दिवस काढायचं?" बरोबरच होतं तिचं. पण मी मुंबईच्या शाळांचे वर्ग पाहिलेत. तिथे ही मुलगी मागच्या बाकावर बसेल, बडबड करून वेळ मारून नेईल, आणि तिला वाचता येतं की नाही हे कुणी विचारायच्या आत पाचवीत जाईल. ऑक्टोबरातलं ऊन तिच्या काय कामाचं?

गणपतीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात एके दिवशी गुरुजी केंद्राच्या बैठकीला गेले. मी कपाटाच्या बाजूला उभी राहून भिंतीच्या फटीत डोकावले. कपाटाची पाठ म्हणजे नुसता पातळ प्लायचा तक्ता होता, बारीक खिळ्यांनी मारलेला. सुतार त्या खिळ्यांना चुका म्हणतात. समोरून एवढा थाट आणि मागे चुका! मला हे जूनमध्येच सुचायला हवं होतं, पण दार दिसलं की माणूस दारालाच ओढत बसतं.

चौथीच्या मुलांना घेऊन कपाट भिंतीपासून पुढे सरकवलं. मावशींनी नारळ सोलायची कोयती दिली. टोक घालून उचकटलं, तशा चुका एकेक करत निघाल्या, आणि बुरशीचा असा भपकारा आला की मुलं नाक धरून मागे पळाली. पुस्तकांवर पांढरी लव आली होती. आम्ही ती पुसली, व्हरांड्यात दोरीवर उपडी घातली. मुलगी कुणाची वाट न बघता आत शिरली आणि बोकड घेऊन बाहेर आली.

"घरी ने," मी म्हटलं.

"मोठे गुरुजी?"

"मी सांगते त्यांना. तू ने."

गुरुजी परत आले. दोन मुलं कपाटाच्या मागे बसून वाचत होती, त्यांचे पाय तेवढे दिसत होते.

"बाई, हे काय?"

"ग्रंथालय," मी म्हटलं.

त्यांनी समोर येऊन काचा पाहिल्या. काचांना काही झालं नव्हतं. मग ते बैठकीची फाईल ठेवायला गेले.

पाचव्या दिवशी घरगुती गणपतींचं विसर्जन दुपारनंतर होतं, म्हणून मंडळ सकाळीच शाळेत आलं. सुट्टी असून मुलांना गणवेशात बोलावलं होतं. सेक्रेटरी, त्यांचे पाहुणे, मंडळाची दहा-बारा माणसं. त्यांत त्या मुलीचा बापही. कपाटाला हार घातला होता. सेक्रेटरींना पुस्तक हातात घेऊन फोटो हवा होता. त्यांनी दाराची मूठ धरून ओढली. पुन्हा ओढली. तिसऱ्या वेळी मूठ हातात आली.

"चावी लावली नाय काय, बाई?"

"चावी जूनपासून लागतेय. दार लागत नाही... म्हणजे उघडत नाही. मी फोन केला होता."

"मग मुलं वाचतात कशी?"

मी उत्तर द्यायच्या आत मुलगी म्हणाली, "आमी पाठीमागनं काढतंव."

सगळे मागे गेले. उचकटलेला तक्ता भिंतीला टेकवून ठेवलेला होता. सेक्रेटरींचं तोंड उतरलं. मला त्यांची थोडी दयाही आली. मंडळाच्या माणसांनी मुंबईतल्या आपापल्या खोलीच्या खर्चातून काढून दिलेलं कपाट होतं ते.

"देणगीची वस्तू अशी फोडतात होय?" ते म्हणाले. "आमी हौसेनं दिलं."

"हौस दिसतेय. पण तुम्ही इथेच वाढलात ना? इथल्या पावसात तुमच्या घरचं एक तरी दार धड लागत होतं का? मे महिन्यात येता, गणपतीत येता, आणि मधलं सगळं विसरता."

"बाई," गुरुजी म्हणाले.

"नाही, बोलू द्या. पेटी होती तोपर्यंत मुलं वाचत होती. कपाट आलं, आता फोटो काढतात."

मुलीचा बाप खाली बघत होता. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. मग सेक्रेटरींनी मला काही न म्हणता गुरुजींना सांगितलं, की ता आधी नीट करून घ्या, हा प्रकार फोटोत नको. पुस्तकं घाईघाईने आत कोंबली गेली. गुरुजींनी कुठूनशी हातोडी आणली आणि तक्ता लावून एकेक चूक पुन्हा ठोकली. कपाट भिंतीला लागलं. हार सरळ झाला. फोटो निघाला. त्यात मी नाही. मी व्हरांड्यात उभी होते आणि माझं डोकं तापलं होतं.

मंडळी पांगली. बाप मुलीला घेऊन जाताना थांबला. "सकाळच्या गाडीनं निघतोय, बाई. हिला काय तरी द्यायचाय तुमाला."

तिने पिशवीतून बोकड काढला. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलं होतं.

"वाचलंस?"

"सगळा. दोनदा." मग कागद सोडवत, "शेवटाला त्याला घरी आणलानी. मला वाटलं, अजून लांब जाईल."

"वाचून दाखव एक पान."

तिने मधलंच कुठलं तरी उघडलं आणि भरभर वाचलं, एकदाच अडखळली, मागे जाऊन शब्द नीट घेतला आणि पुढे गेली. बाप तोंड उघडं टाकून बघत होता.

"बाई, दुसरा हाय?" तिने विचारलं. "गाडीत वाचायला. रात्र होईस्तोवर गाडीतच असतो आमी."

होतं ना. वरच्या खणात एका होडीची गोष्ट होती, तिच्या शेजारी हत्तीची होती, खालच्या खणात आणखी पुष्कळ. काचेतून सगळी व्यवस्थित दिसत होती.

गुरुजी हातोडी टेबलावर ठेवत होते.

"ठेवू नका," मी म्हटलं. "इकडे द्या."

"बाई, आत्ताच ठोकलंय!"

"म्हणून तर. अजून घट्ट बसलं नसेल. धरा कपाटाची ती बाजू, आणि तुम्हीही या हो पुढे," मी मुलीच्या बापाला म्हटलं. तो आला.